द्राव्यकीलक

ता. ८ ऑगस्ट १९३६, शनिवार. निपाणी.

आप्पा गिरणीतून दुपारीच परत आले. टोपी खुंटीला न लावता हातात धरूनच ओसरीवर बसून राहिले. आईने तीनदा विचारले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मालक म्हनत्यात, कागद बेकु."

मालक रागावले किंवा ओशाळले की त्यांना मराठी सुचत नाही, घरची कानडी तोंडात येते; बेकु म्हणजे हवा. आज ओशाळले असावेत. बेळगावहून बॉयलरचे इन्स्पेक्टर येऊन गेले. तेलगिरणीचा बॉयलर ज्याच्या हाती, त्याच्याजवळ सर्टिफिकेट हवे असे बजावून गेले. आप्पांच्या हाती तो बावीस वर्षे आहे. सर्टिफिकेट नाही.

ऑक्टोबरात बेळगावला तोंडी परीक्षा. उतरले तर बॉयलर त्यांचाच राहील. न उतरले तर शेंगांचा हंगाम उभा राहण्याआधी मालक कागदवाला माणूस आणणार. "येन माडोदु आप्पा, काय करनार, कायदाच हाय," असे म्हणून आत निघून गेले म्हणे.

आप्पांना सहीपुरते अक्षर येते. मी व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेत केंद्रात पहिली. आईने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. परंतु मनातून आनंद झाला, हे येथे लिहून ठेवते. या घरात माझ्या विद्येचा उपयोग कुणाला होईल असे कधी वाटले नव्हते.

ता. १२ ऑगस्ट, बुधवार

बाईंनी (मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका) कपाटातून वाफेच्या यंत्रावरचे एक जुने मराठी पुस्तक काढून दिले. पुठ्ठा गेलेला, पण आतले शब्द किती स्वच्छ! बाष्पपात्र. संरक्षक द्वार. जलदर्शक नलिका.

आप्पांचे शब्द: बायलर, शेफ्टी (वाफ फार दाटली की उघडणारी झडप), काच (आत पाणी किती ते दाखवणारी).

साहेबापुढे उभे राहून आप्पा 'शेफ्टी' म्हणणार या कल्पनेनेच माझे कान तापले. हे शब्द आधी घालवले पाहिजेत.

एका वस्तूला पुस्तकात शब्दच सापडला नाही. भट्टीच्या डोक्यावर शिशाचा बूच असतो. पाणी फार खाली गेले की तो वितळतो, वाफ आगीवर पडते आणि आग विझते. आप्पा त्याला 'बूच' म्हणतात, जणू काकवीची बाटली आहे. मी स्वतः शब्द केला: द्राव्यकीलक. वितळणारी खुंटी. बाईंना दाखवला. म्हणाल्या, "इंदू, हा छापून यायला हवा." दिवसभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

ता. २३ ऑगस्ट, रविवार

धडा पाचवा. आप्पा मांडी घालून बसतात, मी पाटावर. प्रश्न पुस्तकातलेच विचारते.

"संरक्षक द्वार उघडत नसल्यास काय कराल?"

"शेफ्टी चिकटली तर म्होरं उभं न्हाय ऱ्हायचं, बगलंला व्हायचं. दांडी हळू उचलून बघायची. हाबकं द्यायचं न्हाईत. तिला राग येतो."

उत्तर बरोबर असावे. शब्द सगळे चुकीचे. मी शून्य गुण दिले व पाटीवर मोठे शून्य काढून त्यांना दाखवले. त्यांनी पाटी जवळ घेऊन पाहिली. "येवढं मोठं?" म्हणाले.

ता. २९ ऑगस्ट

मला ताप. धडा नाही.

ता. ६ सप्टेंबर, रविवार

आज जे केले ते लिहावे की नाही... लिहिते.

'द्राव्यकीलक' त्यांच्या जिभेवर बसत नाही. 'द्राव' म्हणून थांबतात, मग 'किलक' म्हणतात, मग खोकतात. सातव्यांदा चुकले तेव्हा मी शाळेतल्यासारखे म्हटले, "कान धरा." थट्टेने म्हटले होते. आप्पांनी उजव्या हाताने डावा कान धरला. हात काळा, नखांत कोळसा. मी 'सोडा' म्हणेपर्यंत धरून बसले.

मी लगेच म्हटले नाही.

आई चुलीपुढून म्हणाली, "इंदे, बाप हाय तो तुजा." मी म्हटले, परीक्षेपुरता नाही. आईने भाकरी इतक्या जोराने थापली की परातीतले पीठ उडाले.

ता. २७ सप्टेंबर, रविवार

आज एकदाही चुकले नाहीत. आरतीसारखे सगळे म्हणून दाखवले. शंभरापैकी शंभर.

गंमत सांगत होते: काल गिरणीत सिद्रामला (भट्टीत कोळसा मारतो तो) 'काच धू' म्हणायचे, तर तोंडात 'नलिका' आले. सिद्राम मुकाट्याने जाऊन अंगणातल्या नळाखाली उभा राहिला. मी पुष्कळ हसले. आप्पा सांगताना हसत होते, मग माझ्याकडे पाहून थांबले.

"इंदे, येक इचारू? साहेबानं काच म्हनली तर?"

"साहेब शिकलेला आहे. तो काच कशाला म्हणेल?"

ता. ७ ऑक्टोबर, बुधवार

सकाळच्या मोटारीने आप्पा बेळगावला गेले. धुवट धोतर, कोट, आईने हातावर दही घातले. सोबत सिद्राम, मालकांनीच पाठवला. मोटार सुटेपर्यंत आप्पांचे ओठ हलत होते.

ता. ८ ऑक्टोबर, गुरुवार

नापास.

आप्पा आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. सिद्रामने आईला ओसरीवर सांगितले ते मी दाराआडून ऐकले. तो परीक्षेच्या खोलीच्या दाराशीच उभा होता. जसे आठवते तसे:

साहेब गोरा, पण गिरण्यांत म्हातारा झालेला, अंगावर तेलाने डागळलेला कोट. खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. आधीच्या दोघांना पास केले, त्यांच्याशी हसला. मग आप्पांना विचारले, "शेफ्टी चिपक गया. क्या करेगा?"

"शेफ्टीच म्हनला वैनी, मी माज्या कानानं ऐकलं," सिद्राम म्हणाला. "मी म्हनलं, जमलं! हे तर आप्पा झोपंत सांगतील."

आप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "संरक्षक द्वारास..."

साहेबाने कारकुनाकडे पाहिले. कारकून म्हणाला, "कसलं द्वार? देवळाचं?" लोक हसले. साहेबाने दुसरा प्रश्न केला, आगीवरचा बूच कशाला असतो. आप्पांनी माझा शब्द म्हटला. पुरा, न अडखळता म्हटला. साहेबाने कारकुनाला अर्थ विचारला. कारकून म्हणाला, असली वस्तू बॉयलरमध्ये नसते, साहेब. "क्या कीर्तन करता है?" साहेब म्हणाला.

"मग आप्पा आपलं बोलाय गेलं वैनी, तर ते बी येईना. शे... शे... करत ऱ्हायलं. कपाळावर हात मारून घेतला. म्हनलं, साहेब, बायलरपाशी न्या, करून दावतो. तर साहेबाची जेवायची येळ झालती."

सिद्राम हे सांगताना हसत नव्हता असे नाही.

मी त्यांना शब्द दिले नाहीत. त्यांच्याजवळ होते ते...

ता. १२ ऑक्टोबर, सोमवार

मुलींच्या शाळेत सहायक शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाल्याचे पत्र आले. १ डिसेंबरपासून. मी आजवर कुणालाही शिकवलेले नाही. एका माणसाला शिकवले, तो नापास झाला. परंतु हे कुठल्याच सर्टिफिकेटात लिहिलेले नाही, म्हणून चालते.

आईने पत्र देवापुढे ठेवले. आप्पा तेथून उठून गेले.

ता. २४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी.

नवा माणूस आला. देसूरकर. बेळगावकडचा, चोविशीचा, चष्मा लावतो. सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून बॉयलरच्या भिंतीला टांगले आहे. चालू बॉयलर आजवर एकट्याने सांभाळलेला नाही, परीक्षेपुरता पाहिला, असे तो स्वतःच सिद्रामला म्हणाला.

आज हत्यारांची पूजा. बॉयलरच्या लोखंडी दाराला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा मान बावीस वर्षे आप्पांचा. मालकांनी निरोप धाडला, प्रसादाला या. मला वाटले, जाणार नाहीत. गेले. मी व आई फाटकाबाहेर बायकांत उभ्या होतो.

नारळ देसूरकरने फोडला. नीट फुटेना, तीनदा आपटला. आप्पा मागे उभे होते, त्यांचा हात आपोआप पुढे झाला. तेवढ्यात शेंगा फोडणाऱ्यांतून कुणीतरी ओरडले, "अवो किलकआप्पा! द्वार उघडा की!" सगळी गिरणी हसली. बायकासुद्धा. माझ्याशेजारची बाई मला विचारत होती, किलक म्हणजे काय गं?

मी म्हटले, मला ठाऊक नाही.

मालक बरे वागले. "आप्पा, गोडाऊनला बसा. सावली हाय, खुर्ची हाय." आप्पांनी नमस्कार केला व घरी आले. उद्यापासून गिरणीत जाणार नाहीत.

ता. ३ नोव्हेंबर, मंगळवार

दिवेलागणीला देसूरकर घरी आला. आप्पांपुढे खाली बसला, ओसरीच्या पायरीवर. मी आत होते. परपुरुषापुढे जाणे मला जमत नाही, पण शब्द अन् शब्द ऐकला.

"आप्पा, वाईट मानू नका. मी तुमची जागा मागितली नव्हती."

"बोला."

"चार दिवस झाले, बॉयलरचा आवाज मला पटत नाही. काचेत पाणी अर्ध्यावर दिसतं. नियमाप्रमाणं खालची तोटी उघडून पाणी सोडतो, बंद करतो, पाणी परत वर चढतं. म्हणजे काच बरोबर आहे. तरी पण... तुम्ही एकदा येऊन ऐकता का?"

आप्पा माझ्या पाटापुढे बसल्यासारखे ताठ झाले. "जलदर्शक नलिका," म्हणाले, "सदैव स्वच्छ ठेवावी."

"अहो, ते झालं, पण..."

"बाष्पपात्राची नित्य तपासणी करावी."

प्रत्येक शब्द माझ्या उच्चारात म्हणत होते. देसूरकरचा चेहरा पडला. पायरीवरून उठला आणि चप्पल घालायला विसरून चार पावले गेला, मग परत येऊन घातली.

जेवताना आप्पा भाकरीकडे पाहून आईला म्हणाले, "चढतं म्हनतो. काचंतलं पानी चढत याया न्हाय पायजे. उडी मारून याया पायजे. म्हाताऱ्यावानी चढतंय म्हंजी खालचं भोक खपलीनं बुजलंय. काच सांगती अर्दं, आत पानी तळाला, आन् खपलीनं झाकलेला बूच बी वितळंना."

"मग सांगायचं न्हाय व्हय त्याला?" आई म्हणाली.

"भितीला लावलंय की सर्टिफिकेट. त्याला इचार म्हनावं."

"आन् तापल्या बायलरात वरनं थंड पानी सोडलं तर?"

आप्पांनी कांदा फोडला. "तर काय. फुटंल बायलर. सिद्राम म्होरंच असतोय."

क्षणभर मलाही वाटले, फुटावा. फुटला तर आप्पा खरे ठरतील, आणि मी दिलेले शब्द सगळे जण विसरतील. असे मला वाटले. माझ्याच हाताने लिहीत आहे.

ता. ४ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे उठून चिठ्ठी लिहिली. पहिल्या ओळीत 'जलदर्शक नलिका' लिहिले, खोडले. मग आप्पा बोलले तसेच उतरवले: काचेतले पाणी उडी मारून यायला पाहिजे, म्हाताऱ्यासारखे चढत असेल तर खालचे भोक बुजले आहे, वर थंड पाणी सोडू नये, आग झाकून थंड होऊ द्यावे. सही केली नाही.

सिद्राम कामावर जाताना आमच्या दारावरून जातो. मी पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले. "देसूरकरांना द्या." त्याने चिठ्ठी उलटी धरून पाहिली व म्हणाला, "काय गं, लगीनबिगीन ठरलं का काय?"

ता. ५ नोव्हेंबर, गुरुवार

काल गिरणी बंद ठेवली. काचेची खालची नळी उघडली तेव्हा आतून बोटाएवढी खपली निघाली. आत पाणी तळाला होते. आणखी तासभर चालली असती तर... सिद्राम हे गल्लीत सर्वांना सांगत फिरतो आहे. चिठ्ठीचे सांगत नाही. माझ्या जिवात जीव आला.

मालकांनी देसूरकरला फेटा बांधला. "कागदाचा मानूस तो कागदाचाच," म्हणाले. हंगामापुरता ठेवला होता, आता कायम केला.

आप्पांनी हे ऐकले तेव्हा नुसते विचारले, "त्याला सुचलं?" आणि नंतर, "बरा हाय म्हंजी पोरगा." आवाजात कौतुक होते. खरे कौतुक. ते मला सहन होईना; विहिरीवर निघून गेले.

ता. ९ नोव्हेंबर, सोमवार

सिद्राम बायकोला घेऊन आला. तिच्या हातात लाडवांचा डबा. दोघे माझ्या पाया पडायला वाकले, मी मागे सरले. आप्पा ओसरीवरच होते.

"आप्पा, तुमच्या लेकीनं चिठ्ठी दिली म्हनून ह्यो सिद्राम जित्ता हाय. देसूरकर म्हनला, कुनाला बोलू नगंस. पर मी म्हनलं, आप्पास्नी कसं न सांगायचं? लई शानी पोरगी तुमची. शिकलेली त्ये शिकलेलीच!"

सिद्रामला खरोखरच वाटले, आपण आनंदाची बातमी दिली.

आप्पांनी लाडू घेतला. अर्धा खाल्ला. सिद्रामच्या बायकोला म्हणाले, "ग्वाड झालाय." ती दोघे गेल्यावर उरलेला अर्धा डब्यात परत ठेवला, झाकण लावले, माझ्याकडे न पाहता बाहेर पडले.

ता. १७ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस आप्पा माझ्याशी बोलतात. न बोलते तर बरे होते.

"मास्तरीणबाई, आपण पाणी द्यावे."

"आपले भोजन झाले काय?"

दिवाळीच्या आंघोळीला आई तेल लावत होती, तेव्हा पाटावरून म्हणाले, "आपण आधी स्नान करावे. आपण विद्वान आहात." आई रडली. मी शब्द दुरुस्त करावा तसे मनात म्हटले, शुद्ध आहे, एकही चूक नाही.

त्यांचे 'इंदे' ऐकून किती दिवस झाले ते मोजत नाही.

ता. २३ नोव्हेंबर, सोमवार

पुढची परीक्षा मार्चात. हे मालकांनीच कळवले. आप्पा उतरले तर पाळी वाटून देऊ म्हणाले. रात्रपाळी आप्पांची, दिवसाची देसूरकरची. हुद्द्याने तो वर असेल, आप्पा खाली. आईचे म्हणणे, निदान बॉयलरपाशी तरी जातील. आप्पांनी आज छापील अर्ज आणून फळीवर ठेवला. मी झाडताना त्याला हात लावला नाही.

ता. २६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जेवण झाल्यावर आप्पांनी अर्ज माझ्यापुढे टाकला. "लिही," म्हणाले. 'लिहावे' नाही. मी दौत आणताना ती दोन वेळा सांडता सांडता राहिली.

नाव लिहिले. वय अठ्ठेचाळीस. इयत्ता: मी थांबले, ते म्हणाले, "न्हाय म्हनून लिही, लाजतीस कशाला?" बॉयलरवर काम केल्याची वर्षे: बावीस. तेथे त्यांनी माझ्या हातावरून वाकून आकडा बरोबर आहे ना ते पाहिले. केव्हापासून इतके जवळ आले नव्हते. कोळशाचा वास आता त्यांच्या अंगाला येत नाही.

शेवटचा रकाना: उमेदवार कोणत्या भाषेत उत्तरे देणार.

मी वाचून दाखवले. आप्पा म्हणाले, "तुजी न्हाय."

"नाही," मी म्हटले. मग धीर करून विचारले, "तुमची लिहू? शेफ्टी, काच, बूच... तशी?"

ते उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून पाहत होते, दोनदा, तीनदा. मला ऐकू आले नाही. मग टोपी घातली.

"लिहून बघ," म्हणाले. "येतीय का."

तो रकाना बोटभर रुंद आहे. अर्ज शनिवारच्या टपालाने जायला हवा. शाई भरून बसले आहे.